दार मधून रंगवायचं

तीन संध्याकाळी गेल्या, तरी माझ्याकडून तीन कागदांचे चार होईनात.

काम सांगायला सोपं आहे. घोटीव कागदांच्या गठ्ठ्यातून तीन रंग निवडायचे. दोन रंगांचे मोठे चौकोन शेजारी शेजारी चिकटवायचे, ही झाली जमीन. साडीची जमीन म्हणतो ना, तशी. तिसऱ्या रंगाच्या दोन सारख्या पट्ट्या कापायच्या, एक डावीकडच्या जमिनीवर ठेवायची, एक उजवीकडच्या. आणि बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की या दोन पट्ट्या दोन वेगळ्या रंगांच्या आहेत. कागद तीन, दिसले पाहिजेत चार. रंग कालवायचा नाही, ब्रश धुवायचा नाही, हात थरथरला तरी काही बिघडत नाही. कात्री, गोंद आणि डोळे एवढंच लागतं.

मी चित्रकला शिकवते. एकोणीस वर्षं झाली. उबदार रंग, थंड रंग, विरोधी रंग यांचं चक्र फळ्यावर इतक्यांदा काढलंय की झोपेतसुद्धा निळ्यासमोर नारिंगी बरोबर ठेवीन. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी मी जरा तोऱ्यातच बसले. एक जमीन लाल, एक हिरवी, वर करड्या पट्ट्या. नियमाप्रमाणे लालवरचा करडा हिरवट दिसायला हवा आणि हिरव्यावरचा तांबूस. दिसत होता म्हणा, पण तो दिसावा म्हणून मीच डोळे बारीक करून त्याला मदत करत होते. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "एकाच कागदाच्या कापल्यास ना दोन्ही?" वर "छान झालंय" असंही म्हणाला. ते जास्त लागलं.

हा उद्योग माझ्या डोक्यात घातला जोसेफ आल्बर्स नावाच्या जर्मन चित्रकाराने. त्याचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजच्या ग्रंथालयातल्या एका जाडजूड पुस्तकात. चौरसात चौरस, त्यात आणखी एक चौरस. पिवळ्यात पिवळा, त्यात पिवळा. पान उलटलं तर पुन्हा तेच, फक्त या खेपेला हिरवं. आम्ही चौघीजणी पुस्तकावर वाकलो होतो. एक म्हणाली, "याला दुसरं काही येत नव्हतं का गं?" आम्ही हसलो. मला तर थोडा रागही आला. त्या दिवसांत मी तासन् तास उभी राहून मानवाकृती काढत होते, मनगट दुखेपर्यंत. आणि हा माणूस पंचवीस वर्षं चौकोन भरत बसलेला.

माझं मत बदललं ते एका दारामुळे.

बॉट्रॉप हे जर्मनीतल्या कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातलं गाव. तिथे १९ मार्च १८८८ रोजी आल्बर्सचा जन्म झाला. बाप लोरेन्झ हा रंगारी. घरं रंगवायची, लाकूडकाम करायचं, पडेल ते हातकाम करायचं असा माणूस. त्याने पोराला शिकवलेली एक गोष्ट पोराने मरेपर्यंत जपली: दार रंगवायचं तर मधून सुरुवात करायची आणि कडांकडे यायचं. म्हणजे ओघळ आले तर पुढच्या हातात झाकले जातात आणि सदऱ्याच्या बाह्याही खराब होत नाहीत. म्हातारपणी कुणी चौरसांबद्दल विचारलं की आल्बर्स हे दार सांगत असे. आणि खरोखरच त्या चित्रांतला रंग सगळ्यात आतल्या चौरसापासून निघतो आणि बाहेर येतो. रंगावर रंग चढत नाही, शेजारी येऊन टेकतो.

हे वाचलं आणि माझा राग गेला. ज्याला बाह्यांची काळजी आहे तो माणूस ढोंगी नसावा, असं माझं आपलं एक मत आहे.

वीस वर्षांचा झाला आणि तो प्राथमिक शाळेत मास्तर झाला. इथून पुढे मी त्यांना अहो-जाहो करणार. शिक्षकाला अरे-तुरे करायची सवय नाही मला.

१९०८ ते १९१३ अशी पाच वर्षं मास्तरांनी बॉट्रॉप आणि आसपासच्या शाळांत लहान मुलांना शिकवलं. मग बर्लिनला जाऊन चित्रकला-शिक्षकाचं प्रमाणपत्र घेतलं. म्हणजे आधी शिक्षक, मग कलाशिक्षक, आणि जग ज्याला चित्रकार म्हणतं तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. एरवी आपण उलटं पाहतो. चित्रं विकली जात नाहीत म्हणून नोकरी धरायची, आणि नोकरी करता करता मनातल्या मनात स्वतःला आणि वर्गालाही दोष देत राहायचं. मी हे अनुभवावरून लिहितेय, लपवण्यासारखं काही नाही त्यात.

१९२० साली, बत्तिसाव्या वर्षी, ते पुन्हा विद्यार्थी झाले. वायमार गावात वॉल्टर ग्रोपियस यांनी आदल्या वर्षी बाउहाउस ही शाळा काढली होती. कारागिरी आणि कला यांच्यात भिंत नको म्हणणारी. मास्तर तिथल्या सगळ्यात थोराड विद्यार्थ्यांपैकी एक. शाळेने सांगितलं, तुम्ही भित्तिरंगाच्या कार्यशाळेत जा. रंगाऱ्याच्या पोराला भिंती रंगवायला सांगितल्या! त्यांना हवी होती काच, आणि काच घ्यायला पैसे नव्हते. मग पाठीला पिशवी आणि हातात हातोडी घेऊन ते गावाच्या उकिरड्यावर जात, फुटक्या बाटल्या आणि काचांचे तुकडे गोळा करत, आणि तारेने, पत्र्याने जोडून त्यांच्या चौकटी करत. उजेडासमोर धरली की ती चित्रं व्हायची. शाळेने आधी कुरकुर केली. मग ते तुकडे पाहिल्यावर त्यांनाच काचेची कार्यशाळा उभी करायला सांगितली.

अ‍ॅनी फ्लाइशमन नावाच्या एका विद्यार्थिनीलाही तिथे काचच हवी होती. पण मुलींना बहुतेक करून विणकामाकडे वळवायचं अशी या प्रगत शाळेची रीत होती, तेव्हा तिला माग मिळाला. १९२५ मध्ये मास्तरांनी तिच्याशी लग्न केलं. पुढे त्याच मागाने तिला न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये नेलं. १९४९ साली तिथे स्वतंत्र प्रदर्शन मिळवणारी ती पहिली वस्त्रकलाकार. तिच्यावर वेगळं लिहायला हवं, इथे ओझरता उल्लेख करून मी अन्यायच करतेय.

१९२३ मध्ये ग्रोपियस यांनी मास्तरांना पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायला बसवलं. त्या वर्गातली एक हकिगत एका विद्यार्थ्याने लिहून ठेवली आहे, ती मी दरवर्षी एकदा तरी काढून वाचते. मास्तर बगलेत वर्तमानपत्रांची चळत घेऊन आले. सगळ्यांना एकेक वाटलं. म्हणाले, आपण गरीब आहोत, सामान वाया घालवणं परवडणारं नाही. या कागदाचं असं काही करा की आत्ता जे आहे त्याहून ते जास्त होईल. कागदाचा मान राखा. कात्री, गोंद याशिवाय जमलं तर उत्तमच. आणि निघून गेले.

काही तासांनी आले तेव्हा वर्गात महाल उभे होते, विमानं होती, प्राणी होते, मुखवटे होते. मास्तरांनी ती सगळी बालवाडीची कामं म्हणून बाजूला केली. महाल लाकडाचा याहून चांगला झाला असता, विमान पत्र्याचं. मग ते एका हंगेरियन मुलाच्या कागदापाशी थांबले. त्याने काय केलं होतं? कागद उभा दुमडून टेबलावर ठेवला होता. बस. मास्तरांनी समजावून सांगितलं, की कागद मऊ असतो, याने त्याला आपल्या पायांवर उभा केला. पडून राहिलेल्या कागदाची एकच बाजू आपण पाहतो, याच्या दोन्ही दिसतात. आणि पडून पडून कागदाला आलेला आळसट चेहरा गेला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून घरातलं रद्दीचं वर्तमानपत्र घेतलं आणि दुमडून उभं केलं. दोन-तीनदा पडलं. मग उभं राहिलं, आणि मी कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. एकोणीस वर्षांत माझ्या वर्गांनी पुठ्ठ्याची घरं आणि कापसाचे ससे किती केले असतील त्याची गणती नाही. कागद कुणीच केला नव्हता.

१९३३ मध्ये नाझी सत्तेच्या दडपणाखाली बाउहाउस बंद पडलं. अ‍ॅनी ज्यू घराण्यातली. त्याच वर्षी दोघं अमेरिकेला गेले. उत्तर कॅरोलायनातल्या डोंगरांत ब्लॅक माउंटन नावाचं नवंकोरं कॉलेज निघालं होतं, तिथे शिकवायला माणूस हवा होता. मास्तर पंचेचाळीस वर्षांचे आणि इंग्रजीचा जवळपास गंध नाही. तुम्ही इथे काय शिकवणार, असं विचारल्यावर त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत जे उत्तर दिलं ते आता सगळीकडे छापलेलं असतं: डोळे उघडायला.

मला या उत्तराचं नवल वाटतं ते मराठी कानामुळे. आपल्याकडे डोळे उघडणे म्हणजे नुसतं पाहायला लागणं नव्हे. आपण आजवर फसत होतो हे कळणं, हा त्याचा खरा अर्थ. "त्या प्रसंगाने माझे डोळे उघडले" असं आपण सुखाच्या प्रसंगी म्हणत नाही. इंग्रजी न येणारे मास्तर जणू मराठी येत असल्यासारखं बोलून गेले, कारण त्यांचं सगळं शिकवणं पुढे याच अर्थावर उभं राहिलं. रंग फसवतो, सतत फसवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि चित्रकाराने आधी आपण कसे फसतो ते नीट पाहावं.

उदाहरणार्थ, पांढऱ्या कागदावरच्या लाल ठिपक्याकडे अर्धा मिनिट टक लावून पाहा, मग नजर मोकळ्या पांढऱ्या जागेवर न्या. तिथे हिरवट-निळसर ठिपका तरंगताना दिसेल. कागदावर काहीच नाही. लालला प्रतिसाद देऊन डोळ्यातली यंत्रणा दमलेली असते, त्यामुळे पांढऱ्यातला लालाचा वाटा तिला कमी दिसतो आणि उरलेलं वर येतं. हीच लबाडी दोन रंग शेजारी असताना सारखी चालू असते. जमीन आपल्यासारखं जे असेल ते वरच्या रंगातून काढून घेते. गडद जमिनीवर रंग उजळतो, उजळ जमिनीवर काळवंडतो, पिवळ्या जमिनीवर त्यातला पिवळेपणा मरतो. म्हणजे एखादा रंग एकटा असा कधी दिसतच नाही. शेजार बदलला की तो बदलतो. माणसांबद्दल हे आपल्याला ठाऊक असतं, रंगांबद्दल आपण उगाच भाबडे राहतो.

आणखी एक गोष्ट ते वर्गात सांगत. पन्नास माणसांसमोर "लाल" म्हणा, पन्नास डोक्यांत पन्नास लाल उभे राहतील. बरं, कोका-कोलाच्या पाटीचा लाल म्हणा, जो सगळ्यांनी पाहिलाय आणि जो सगळीकडे एकच असतो. तरीही पन्नास वेगळेच. रंगाची आठवण आपल्याला धड राहत नाही. आवाज ओळखणारी माणसं आपण, एखादी चाल वीस वर्षांनी गुणगुणू, पण कालच्या पिवळ्याची छटा आज सांगता येणार नाही. मी हे घरी करून पाहिलं. माझ्याच स्वयंपाकघराच्या भिंतीचा रंग कागदांच्या गठ्ठ्यातून ओळखायचा. तीन छटांनी चुकले.

या सगळ्या अभ्यासाला मास्तर रंगाऐवजी रंगीत कागद वापरायला लावत. कारण व्यवहारी होतं. रंग कालवला की पुन्हा तोच हुबेहूब जमत नाही, कागद मात्र तोच राहतो. कालवण्यात वेळ जातो, मुलं कंटाळतात. शिवाय ब्रशचे फटकारे मारायची सोय राहिली की मुलं फटकाऱ्यांच्या मागे लपतात, हे माझं म्हणणं, त्यांचं नाही. कागद कुठूनही आणा: मासिकांतून, वेष्टनांतून, भिंतीच्या कागदाच्या नमुन्यांतून. शरद ऋतूत तर मुलं गळलेली पानंच गोळा करून आणत आणि त्यांतून रंगांचे अभ्यास करत.

सुट्ट्यांत दोघं नवरा-बायको मेक्सिकोला जात. १९३५ पासून पुढे डझनाहून अधिक वेळा गेले. तिथली प्राचीन मंदिरं, पायऱ्यांचे मनोरे, मातीच्या विटांची घरं यांचे त्यांनी असंख्य फोटो काढले. अमूर्त कलेची खरी भूमी ही, असं त्यांनी बाउहाउसमधल्या जुन्या सहकाऱ्याला, चित्रकार कांडिन्स्कीला पत्रातून कळवलं. "अमूर्त" हे पाश्चात्त्यांचं विसाव्या शतकातलं खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या पायऱ्यांचे फोटो पाहावेत, एवढंच म्हणून पुढे जाते.

ब्लॅक माउंटनमध्ये ते १९४९ पर्यंत होते, मग १९५० पासून येल विद्यापीठात. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची नावं वाचली की चक्रावायला होतं. रॉबर्ट राउशेनबर्ग, जो पुढे चित्रात गादी, भरलेला बोकड आणि मोटारीचं टायर आणणार होता. रूथ असावा, जिने तारेचं विणकाम करून हवेत लोंबणारी, आत-बाहेर एक असलेली शिल्पं केली. एव्हा हेस, जिचं काम रबर आणि फायबरग्लासमध्ये गेलं. यांच्यात एकानेही चौरस काढले नाहीत.

मला हे कुठल्याही प्रदर्शनापेक्षा मोठं वाटतं, त्याला कारण आहे.

माझे एक सर होते. हात असा की पाहत राहावं. ते वर्गात फिरत, कुणाच्याही मागे येऊन उभे राहत, म्हणत, "आण इकडे," आणि ब्रश घेऊन चार फटक्यांत चित्र उभं करून निघून जात. आम्हाला कोण आनंद व्हायचा. वार्षिक प्रदर्शनात माझं जे चित्र लागलं त्यातलं आकाश सरांचं होतं, पाणी सरांचं होतं, माझ्या वाट्याला एक होडी होती, तीही जरा तिरकी. वडील येऊन चित्रासमोर उभे राहिले आणि नेमकं आकाशाचंच कौतुक करू लागले. मी गप्प राहिले. पुढे कितीतरी वर्षं माझ्या प्रत्येक चित्रात तेच आकाश येत होतं, आणि ते काढून टाकायला मला शिकायला लागला त्याच्या दुप्पट वेळ गेला. सरांबद्दल राग नाही, त्यांनी प्रेमानेच केलं. पण मी शिक्षिका झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एका मुलीच्या हातातून ब्रश घेतला होता. "आण इकडे." शब्दसुद्धा तेच.

याच काळात अमेरिकेत दुसरा एक जर्मन मास्तर गाजत होता, हान्स होफमन. आल्बर्स यांच्याहून आठ वर्षांनी मोठा, तोही अमूर्त चित्रकार, तोही आयुष्यभर शिक्षक. १९१५ मध्ये म्युनिकला शाळा काढली, पुढे न्यूयॉर्कला. त्याची पद्धत अगदी उलटी. तो विद्यार्थ्याच्या रेखाटनावर बेधडक हात चालवायचा, वेळ पडली तर कागद टराटरा फाडून तुकडे सरकवून ठेवायचा आणि म्हणायचा, आता पाहा, ताण आला की नाही. रंग एकमेकांना ढकलतात आणि ओढतात, हे त्याचं सूत्र. त्याच्याकडूनही मोठमोठे चित्रकार तयार झाले, ली क्रास्नर त्यांतली एक. म्हणजे हात लावणारा मास्तर वाईटच असतो असं म्हणायची सोय नाही. गंमत म्हणजे दोघांनी १९५८ सालीच शिकवण्यातून अंग काढलं. होफमनने अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शाळा बंद केली ती पूर्ण वेळ चित्रं काढायला. आल्बर्स सत्तराव्या वर्षी येलमधून निवृत्त झाले. होफमनला चित्रांसाठी वर्ग सोडावा लागला. आल्बर्स यांचं तसं नव्हतं. त्यांची चित्रं आणि त्यांचा वर्ग ही एकच वही होती, असं मला त्यांची चित्रं पाहताना वाटतं.

स्वभावाने मात्र ते कडक होते, गोड मास्तर अजिबात नव्हते. राउशेनबर्ग त्यांना सुंदर शिक्षक आणि अशक्य माणूस म्हणायचा. वर्गात त्याच्या कामाचे वाभाडे निघत. तरी आपल्याला सगळ्यात महत्त्वाचा शिक्षक हाच मिळाला, असंही त्यानेच सांगितलं. एक रंग दुसऱ्यापेक्षा चांगला नसतो हे त्याने मास्तरांकडून इतकं पक्कं घेतलं की मग रंग निवडणंच अवघड झालं. १९५१ मध्ये त्याने नुसती पांढरी चित्रं केली. शिष्याने गुरूला दिलेलं हे उत्तर म्हणायचं की टोला, मला ठरवता आलेलं नाही.

एका बाबतीत माझं मास्तरांशी पटत नाही. विद्यार्थ्याने "स्वतःला व्यक्त करावं" याची त्यांना चीड होती. आधी पाहायला शिका, व्यक्त नंतर व्हा. मोठ्यांच्या बाबतीत कबूल. पण सातवीतली मुलगी घरातलं भांडण काळ्या रंगाने कागदभर कोंबते, तेव्हा तिला रंगाचं सापेक्षत्व समजावत बसायचं नसतं. तेव्हा कागद पुरवायचे.

चौरस सुरू झाले १९५० मध्ये. मास्तर बासष्ट वर्षांचे होते. "चौरसाला मानवंदना" हे मालिकेचं नाव, आणि ती मरेपर्यंत चालली, हजाराहून जास्त चित्रं. कामाची रीत ठरलेली. मेसोनाइट म्हणजे हार्डबोर्डचा चौरस तुकडा घ्यायचा, त्याच्या खरखरीत बाजूला पांढऱ्या अस्तराचे कितीतरी हात द्यायचे. मग पेन्सिलीने आखणी. बाजू दहा भागांची धरली तर सगळ्यात आतला चौरस चार भागांचा. त्याबाहेरचा प्रत्येक चौरस खाली अर्धा भाग वाढतो, दोन्ही अंगांना एकेक आणि वर दीड. एकास दोनास तीन. त्यामुळे चौरस खाली बसल्यासारखे दिसतात, जमिनीला टेकलेले. आणि रंग मात्र त्यांना वर उचलू पाहतात. अशा चारच मांडण्या त्यांनी ठरवल्या आणि आकाराचा विचार कायमचा मिटवून टाकला.

मग रंग. नळीतून निघेल तसा, बहुतेक वेळा काहीही न मिसळता, सुरीने पसरायचा. एकच थर. मधून सुरुवात, कडेकडे. चित्र पालथं केलं की मागे बारीक अक्षरात यादी: कुठला रंग, कुठल्या कंपनीचा, वर वॉर्निश कोणतं. वाण्याच्या वहीसारखी. एकाच नावाचा पिवळा कंपनीगणिक वेगळा असतो, आणि त्यांना तो फरक हवा असायचा. काम करायची टेबलं दोन, दोन्हींवर ट्यूबलाइट, पण उबदार आणि थंड उजेडाच्या नळ्यांची जुळणी प्रत्येकावर वेगळी. एकाच चित्राला दोन उजेडांत जोखायचं. हातांची करामत, प्रेरणेचा झटका, रात्रीबेरात्रीचं वेड, यातलं काही नाही. हिशेबनीस काम करतो तसं काम. आणि इतका हिशेब करून जे येतं ते कुठल्याच हिशेबात बसत नाही: तीन पिवळ्यांमधला मधला पिवळा कडेला हिरवट होतो, आतला चौरस बोगद्यासारखा लांब जातो किंवा दिव्यासारखा पुढे येतो, आणि तुम्ही पापणी मिटून उघडलीत की उलटं होतं.

मानवंदना वगैरे मी चौरसाला देत नाहीच, असं ते म्हणत. चौरस हे नुसतं ताट आहे, रंगाचं माझं वेड त्यात वाढायचं. ग्रंथालयात वाकून हसणाऱ्या आम्ही चौघी ताटच मोजत बसलो होतो.

१९६३ मध्ये वर्गातल्या सगळ्या अभ्यासांचं मोठं पुस्तक येलने काढलं, दीडशे रंगीत नमुन्यांसह. त्यात आधी कृती, मग सिद्धान्त. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन मांडलं. हयात कलाकाराला असा मान तिथे पहिल्यांदाच मिळत होता. २५ मार्च १९७६ रोजी ते गेले, अठ्ठ्याऐंशी पूर्ण करून सहा दिवस झाले होते.

आता माझे कागद.

चौथ्या संध्याकाळी मी रंगचक्राचा तक्ता टेबलावरून उचलून कपाटात ठेवला. तीन दिवस मी आधी दोन भारी जमिनी निवडत होते आणि मग त्यांच्यावर घालायला पट्टी शोधत होते. कडांपासून दार रंगवत होते म्हणा ना. त्या दिवशी पट्टी आधी घेतली. एक मातकट, कुणी सहसा उचलणार नाही असा कागद; ना धड पिवळा ना धड जांभळा, ना उजळ ना गडद. मग त्याच्या अलीकडची एक जमीन शोधली, फिकट पिवळसर. आणि पलीकडची एक, गडद जांभळट. मातकट दोघींच्या बरोबर मध्ये. पिवळीने त्याच्यातला पिवळा काढून घेतला, जांभळीने जांभळा. डावीकडे पट्टी मळकट वांगी दिसायला लागली, उजवीकडे वाळूसारखी. मी एकटीच मोठ्याने "अगं बाई" म्हणाले.

नवऱ्याला हाक मारली. त्याने चष्मा वर करून पाहिलं. "आज वेगवेगळ्या घेतल्यास." मी तिसरा तुकडा काढला आणि एका पट्टीपासून दुसरीपर्यंत पुलासारखा ठेवला. तो काही बोलला नाही. तुकडा उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. मग म्हणाला, "जेवायचं आहे ना?" पण उचलत राहिला.

सकाळी खिडकीच्या उजेडात पाहिलं तर निम्मी जादू उतरली होती. दोन टेबलं का लागतात ते तेव्हा कळलं.

त्या आठवड्यात नववीच्या वर्गाला हेच काम दिलं. अर्ध्या तासाने एक मुलगा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. एक जमीन निळी, एक काळी, वर दोन गुलाबी पट्ट्या. सारख्याच दिसत होत्या, ढळढळीत सारख्या. काय चुकलंय ते मला एका नजरेत कळलं. निळा जरा उजळ हवा होता. गठ्ठा माझ्यासमोरच होता, त्यात वरून तिसरा कागद नेमका तो निळा.

"बाई, बरोबर आहे का?"

मी हात पाठीमागे बांधले. "किती रंग दिसतायत तुला?"

त्याने मान वाकडी करून पाहिलं. एक डोळा मिटून पाहिलं. "तीनच," म्हणाला, आणि तिथेच उभ्या उभ्या काळा कागद टर्रकन उपटून काढला.

मला वाटलं होतं निळा काढेल.